गिअरबॉक्सचे तेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इंजिन ऑइलविषयीच्या मजकुरानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल होती. इंजिनाचे तेल पाहणे बहुतेकांच्या अंगवळणी पडलेले असते. गिअरबॉक्सचे तेल मात्र गिअर अडखळू लागेपर्यंत किंवा गाडीखाली डाग दिसेपर्यंत सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. ऑटोमॅटिक गाड्यांबद्दलचे प्रश्न अधिक असल्याने त्यांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीला गिअरबॉक्सची स्वतंत्र डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) आहे. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहिले तर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसते, इंजिन सुरू करून लगेच पाहिले तर खालच्या खुणेजवळ येते आणि बाहेर फिरून आल्यावर पाहिले तर बरोबर मध्ये असते. यांपैकी खरे कोणते मानावे?

उत्तर : तिसरे. पहिली दोन मापे चुकीची नाहीत, पण ती ज्या अवस्थेत घेतली त्या अवस्थेसाठी पट्टीवरच्या खुणा आखलेल्याच नाहीत.

इंजिनाचे तेल आपण इंजिन बंद करून, ते खाली निथळू देऊन मोजतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गणित याच्या उलट आहे. त्यातला पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन सुरू झाले की तो तळाच्या पॅनमधून तेल ओढून घेतो आणि टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हवा तेथे वळवणारा भाग), कूलर व कूलरच्या नळ्या हे सारे भरून टाकतो. इंजिन बंद झाले की यातले काही तेल पुन्हा पॅनमध्ये उतरते, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पातळी चांगलीच चढलेली दिसते. आपल्याला जाणून घ्यायचे असते ते हे, की सगळीकडे तेल पोहोचल्यानंतरही पॅनमध्ये पुरेसे तेल उरते का आणि पंपाच्या तोंडाशी असलेला फिल्टर वळणावर किंवा चढावरही तेलात बुडालेला राहतो का. ते कळण्यासाठी इंजिन चालूच असावे लागते.

दुसरी गोष्ट तापमानाची. हे तेल तापले की फुगते आणि दर अंशाला त्याचे आकारमान साधारण ०.०७ ते ०.०८ टक्क्यांनी वाढते. हे प्रमाण नगण्य वाटेल, पण गिअरबॉक्समध्ये आठ लिटर तेल असेल आणि ते २० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. अनेक पट्ट्यांवरच्या ‘कमी’ आणि ‘पूर्ण’ या दोन खुणांमधला फरक अर्ध्या लिटरहूनही कमी असतो. त्यामुळे एक थेंबही न गळता किंवा न घालता, केवळ थंड-गरमाच्या फरकाने तेल खालच्या खुणेपासून वरच्या खुणेच्या आसपास जाऊ शकते. म्हणूनच बऱ्याच पट्ट्यांवर थंड आणि गरम अशा खुणांच्या दोन जोड्या असतात. त्यांतली थंड जोडी तेल बदलल्यावर पहिला अंदाज घेण्यापुरती वापरावी. निर्णय मात्र गरम जोडीवर करावा.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. गाडी पंधरा ते वीस मिनिटे चालवून आणावी, म्हणजे तेल नेहमीच्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ७० ते ८० अंशांच्या आसपास, पोहोचते. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन नुसते चालू ठेवल्याने गिअरबॉक्स तितका तापत नाही. उलट, भर उन्हात लांब पल्ला मारून किंवा जड ओझे ओढून गाडी नुकतीच आली असेल, तर अर्धा तास थांबावे, कारण अति तापलेले तेल खुणेच्या वर दिसते. मग गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा आणि पुन्हा ‘पी’वर (पार्कवर) आणावा. इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडावे. ओढणी, पदर, सैल बाही आणि मोकळे केस पंख्यापासून व फिरत्या बेल्टांपासून लांब ठेवावेत, आणि एक्झॉस्टच्या नळीजवळ हात नेताना ती तापलेली आहे हे लक्षात ठेवावे.

पट्टी काढण्यापूर्वी नळीच्या तोंडाभोवतीची धूळ पुसून घ्यावी. पट्टी पुसायला सुताचा गुंता किंवा जुन्या टॉवेलचा तुकडा घेऊ नये, तंतू न सुटणारे फडके घ्यावे. व्हॉल्व्ह बॉडीतले मार्ग इतके अरुंद असतात, की एखादा धागाही तेथे अडकून त्रास देऊ शकतो. पुसलेली पट्टी शेवटपर्यंत आत दाबून बाहेर काढावी आणि दोन्ही बाजूंनी पाहावी. या पट्टीची नळी लांब, वाकडी आणि आतून तेलाने माखलेली असते, त्यामुळे बाहेर येताना पट्टीच्या एका बाजूला वरपर्यंत तेलाचा ओघळ लागतो आणि दुसऱ्या बाजूला तेल बरेच खाली दिसते. अशा वेळी ज्या बाजूला तेल खाली दिसते ती बाजू खरी मानावी. ओघळ आणि पातळी यांतला फरक डोळ्याला एकदम कळत नाही. पट्टी आडवी धरून उजेडाकडे थोडी कलती केली की जिथवर तेलाचा थर सलग आणि सारख्या जाडीचा आहे ती जागा स्पष्ट दिसते, त्याच्या वरचे तुटक डाग सोडून द्यावेत. दोन-तीनदा पाहून एकच उत्तर मिळाले, तरच त्यावर विश्वास ठेवावा.

या नियमाला अपवादही आहेत. होंडाच्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन गरम करून, बंद केल्यानंतर ६० ते ९० सेकंदांच्या आत पातळी पाहायची असते. जुन्या क्रायस्लर आणि जीप गाड्यांतल्या कित्येक गिअरबॉक्सची पातळी ‘पी’मध्ये नव्हे, तर न्यूट्रलमध्ये पाहतात, कारण त्यांच्यात ‘पी’मध्ये असताना टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण भरत नाही. त्यामुळे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतले ते एक पान काढून वाचण्याला पर्याय नाही. तसेच पट्टीच्या मुठीच्या रंगावरून इंजिनाची कोणती आणि गिअरबॉक्सची कोणती, हे ठरवू नये. लाल मूठ गिअरबॉक्सची, असे पुष्कळदा असते, पण नेहमीच असते असे नाही. आणि घोटाळा होऊन इंजिन ऑइल गिअरबॉक्समध्ये गेले, तर तो खर्च फार मोठा होतो.

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सची डिपस्टिकच नाही. गिअरबॉक्स सीलबंद आहे, तेल आयुष्यभरासाठी आहे आणि पाहण्याची गरजच नाही, असे मला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?

उत्तर : पहिली गोष्ट अर्धी खरी आहे, उरलेल्या दोन खऱ्या नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीलबंद याचा अर्थ मालकाने बॉनेट उघडून पाहावी अशी सोय दिलेली नाही, इतकाच. पातळी तपासण्याची सोय असतेच, फक्त ती गाडीच्या खालून असते. अनेक गिअरबॉक्सच्या पॅनमध्ये ठरावीक उंचीची एक छोटी उभी नळी असते आणि तिचे खालचे तोंड एका प्लगने बंद केलेले असते. गाडी लिफ्टवर चारही चाके समपातळीत येतील अशी उचलतात, इंजिन चालू ठेवतात, गिअर फिरवून घेतात आणि स्कॅनर जोडून तेलाचे तापमान पाहतात. तापमान ठरलेल्या पट्ट्यात आले की प्लग उघडतात. कित्येक गाड्यांत हा पट्टा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे डिपस्टिकवर मोजायच्या तापमानापेक्षा बराच खाली. प्लग उघडल्यावर नळीच्या वर असलेले तेल बाहेर पडते. धार बारीक होत होत थेंबांवर आली, की पातळी बरोबर झाली. काहीच बाहेर आले नाही, तर तेल कमी आहे आणि ते वाहू लागेपर्यंत भरायला हवे.

येथे तापमान न पाहता काम केले, तर चूक दोन्ही बाजूंनी होते. तेल फार थंड असताना पातळी लावली, तर ते आकसलेले असल्याने जास्त भरले जाते आणि पुढे तापल्यावर मर्यादेच्या वर जाते. तेल फार गरम असताना प्लग उघडला, तर फुगलेले तेल नळीवरून वाहून जाते आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स अर्धपोटी राहतो. म्हणून गॅरेजमध्ये हे काम देताना तेलाचे तापमान कशावर पाहणार, एवढा एकच प्रश्न विचारावा. हाताने पॅन चाचपून सांगतो, असे उत्तर आले तर गाडी दुसरीकडे न्यावी. आणखी एक बारकावा आहे. काही गिअरबॉक्समध्ये ही उभी नळी आणि तेल काढण्याचे भोक एकाच जागी असतात. बाहेरचा प्लग काढला की जादा तेल निघते, पण आतली नळीही खोलली की पॅनमधले सगळेच तेल खाली येते. हे माहीत नसलेला माणूस पातळी तपासायला म्हणून बसतो आणि तेल बदलायची वेळ आणतो.

काही गाड्यांत डिपस्टिकची नळी असते, वर टोपणही असते, पण आत पट्टी नसते. मर्सिडीजच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत असे आहे. त्यांची पट्टी वर्कशॉपमध्ये असते आणि तिच्यावर दिसणारे माप तेलाच्या तापमानाशी तक्त्यावरून ताडून पाहावे लागते.

राहिला आयुष्यभराचा मुद्दा. आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे त्या वाक्यात कोणी सांगत नाही. अनेक कंपन्यांच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरवर किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदलावे, असे सुचवते. गिअरबॉक्स बनवणाराच असे म्हणत असेल, तर गाडी विकणाऱ्याचे म्हणणे किती मानायचे, हे उघड आहे. तेल बदलताना पातळी नव्याने लावावीच लागते, त्यामुळे तपासणीचे काम तेव्हा आपोआप होते. मधल्या काळात मालकाने पार्किंगच्या जागी डाग पडतो का, ‘डी’ किंवा ‘आर’ लावल्यावर गाडी पकड घ्यायला पूर्वीपेक्षा वेळ लावते का, आणि वेग वाढवताना इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही असे होते का, एवढ्याकडे लक्ष ठेवावे. यांतले काहीही जाणवले तर ठरलेल्या सर्व्हिसची वाट पाहू नये.

प्रश्न : साध्या, म्हणजे क्लचच्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल घरी तपासता येते का? माझ्या गाडीत थंड असताना दुसरा गिअर जड पडतो, म्हणून विचारतो.

उत्तर : येते, आणि ऑटोमॅटिकच्या मानाने हे काम साधे आहे, फक्त गाडीखाली जावे लागते. मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा पट्टी नसते. त्याच्या बाजूला, मध्याच्या आसपास एक फिलर प्लग असतो आणि त्या भोकाची खालची कड हीच तेलाची पातळी. इंजिन बंद ठेवून आणि गाडी थोडी निवू देऊन प्लग काढावा. तेल कडेशी आलेले दिसले, किंवा करंगळी आत घालून पहिल्या पेरापाशी खाली वाकवली असता टोकाला तेल लागले, तर पातळी ठीक आहे. बोट कोरडे आले तर तेल घालावे. ते भोकातून परत वाहू लागले की थांबावे, निथळू द्यावे आणि मग प्लग लावावा. प्लगला वॉशर असेल, तर नवा घालावा.

गाडी सपाट असणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. केवळ पुढचा भाग उचलून पाहिले, तर भोक आणि तेल यांचा संबंध बदलतो आणि माप फसवे येते. म्हणून चारही बाजूंनी सारखी उचललेली गाडी किंवा खड्डा असलेली जागा हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये; मजबूत स्टँड लावल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये. फिलर प्लग आणि खालचा ड्रेन प्लग यांत गोंधळ होऊ देऊ नये, आणि तेल बदलायचे असेल तेव्हाही फिलर प्लग आधी सैल होतो का, हे पाहून मगच ड्रेन प्लगला पाना लावावा. जुन्या गाड्यांत फिलर प्लग गंजून बसलेला असतो. तेल काढून झाल्यावर हे लक्षात आले, तर गाडी जागच्या जागी अडकते.

दुसरा गिअर थंडीत जड पडणे हे मात्र एकट्या पातळीचे लक्षण नाही. थंड तेल घट्ट असते, आणि सिंक्रोनायझरच्या रिंगेला गिअरचा वेग सारखा करण्यासाठी ते तेल बाजूला सारून घर्षण मिळवावे लागते. काही किलोमीटर गेल्यावर त्रास नाहीसा होत असेल, तर बहुधा कारण एवढेच असते. पूर्वी कधी जास्त घट्ट तेल भरले गेले असेल, तर हा त्रास वाढतो. पुस्तिकेत घट्टतेचा अंक ७५ डब्ल्यू-८० असा लिहिला असताना ७५ डब्ल्यू-९० भरणे किंवा तेलाची प्रत जीएल-४ सांगितली असताना जीएल-५ भरणे, या दोन चुका सर्रास होतात. जीएल-५ हे अधिक दाब सोसणारे म्हणून अधिक चांगले, असा समज आहे, पण ते मुख्यतः डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) गिअरसाठी असते. त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रो रिंगांना मानवतीलच असे नाही. गाडी गरम झाल्यावरही गिअर घासून पडत असेल, तर आधी क्लच पूर्ण सुटतो का, ते पाहावे.

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक गाडीत दर काही महिन्यांनी थोडे तेल घालावे लागते. जुनी गाडी इंजिन ऑइल खाते, तसाच हा प्रकार समजावा का?

उत्तर : नाही. इंजिनात पिस्टनच्या रिंगांवरून आणि व्हॉल्व्हच्या सीलमधून थोडे तेल ज्वलनात जाते, म्हणून ते कमी होते. गिअरबॉक्समध्ये तेल जळण्याची जागाच नाही. तेथली पातळी उतरली, याचा अर्थ तेल बाहेर पडत आहे. वरचेवर तेल घालत राहणे म्हणजे गळतीची तक्रार पुढे ढकलणे.

शोध घेताना आधी गाडीखाली पुठ्ठा पसरून एक रात्र ठेवावा आणि डाग कोठे पडला ते पाहावे. पॅनच्या कडेने ओल असेल तर पॅकिंग, चाकाकडे जाणारा अॅक्सल जेथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तेथे ओल असेल तर ऑइल सील, आणि रेडिएटरच्या दिशेने नळीच्या सांध्यावर असेल तर कूलरची लाइन, असा सरळ हिशेब असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडापासून थेंब पडत असतील, तर पंपाच्या पुढच्या सीलची शंका घ्यावी. तेथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून हे काम मोठे. पण तोच डाग इंजिनाच्या मागच्या सीलचाही असू शकतो, तेव्हा तेल लाल आहे की काळसर, हे पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देऊ नये. काही गळत्या फक्त इंजिन चालू असताना, दाबाखाली होतात. पुठ्ठा स्वच्छ राहिला तरी गाडीचा तळ ओला दिसतो, तो याच कारणाने.

खरोखर जुन्या गाड्यांत एक अपवाद सापडतो. ज्यांच्या गिअरबॉक्सला इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर (तेलाचा दाब कमी-जास्त करणारा भाग) असतो, त्यांत त्या मॉड्युलेटरचा पडदा फाटला की तेल व्हॅक्यूमच्या नळीवाटे इंजिनात ओढले जाते आणि जळते. जमिनीवर थेंब नाही, पण एक्झॉस्टमधून पांढरट धूर आहे, असे दिसले तर ती नळी काढून आत तेल आहे का, हे पाहावे.

प्रश्न : पट्टीवर तेल पुरेसे आहे, पण रंग तपकिरी झाला आहे. घाबरण्याचे कारण आहे का?

उत्तर : एकट्या रंगावरून निदान करू नये. बहुतेक एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात, लाल रंग मुद्दाम मिसळलेला असतो, तो इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून. वापराने हा रंग फिका आणि तपकिरी होतो, आणि तेवढ्याने तेल निकामी ठरत नाही. काही कंपन्यांची सीव्हीटीसाठीची (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकसाठीची) तेले तर हिरवट किंवा निळसर असतात, तेथे लाल रंगाची अपेक्षाच चुकीची.

पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टाकून काही वेळ थांबावे. थेंब पसरून तांबूस किंवा फिकट तपकिरी वर्तुळ झाले, तर काळजी नको, फार तर तेल बदलायची तारीख पाहावी. तो पसरतच नसेल, मध्ये काळा गोळा आणि बारीक कण उरत असतील, आणि तेलाला करपल्यासारखा वास असेल, तर तेल अति तापले आहे आणि क्लचच्या प्लेटांचे अस्तर झिजून त्यात आले आहे. बोटांत चोळल्यावर कचकच लागणारे कण हे त्याहून वाईट. याउलट, पॅन उघडल्यावर आतल्या चुंबकांवर बारीक करडा लेप दिसला, तर तो नेहमीच्या झिजेचा असतो, त्यावरून घाबरवणाऱ्याचे ऐकू नये.

तेल दुधाळ गुलाबी दिसले, तर मात्र गाडी पुढे चालवू नये. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो आणि तो आतून फुटला, की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. कूलंटमधले पाणी आणि ग्लायकॉल क्लच प्लेटांवरच्या अस्तराचा चिकटा सोडवतात. थोडे अंतर चालवल्यानेही बिघाड वाढतो. गाडी टो करून न्यावी आणि तीही ड्रायव्हिंग चाके जमिनीवरून उचलून, कारण इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला त्या वेळी वंगण मिळत नाही.

प्रश्न : पॉवर स्टीअरिंगसाठी आणलेले लाल तेल घरात उरले आहे. तेच गिअरबॉक्समध्ये घातले तर चालेल का?

उत्तर : रंग सारखा म्हणून तेल सारखे, हे गृहीत धरू नये. पुष्कळ गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये एटीएफच वापरतात हे खरे, पण ते कोणत्या प्रतीचे, हा प्रश्न उरतोच. स्टीअरिंगचा पंप या बाबतीत बराच सोशिक असतो. गिअरबॉक्स तसा नाही. त्यातल्या क्लच प्लेटा तेलात बुडूनच पकड घेतात, आणि ती पकड किती झटक्यात किंवा किती हळूवार बसावी, हे तेलात घातलेल्या घर्षण बदलणाऱ्या द्रव्यांवर ठरते. ती द्रव्ये वेगळी असली की गिअर बदलताना धक्के बसतात, किंवा पकड घसरून प्लेटा तापतात. तेलाची घट्टताही बदलत आली आहे. जनरल मोटर्सने २००५ मध्ये आणलेले डेक्सरॉन-६ हे त्याआधीच्या डेक्सरॉन-३ पेक्षा पातळ आहे, आणि जुन्या प्रतीचे तेल नव्या प्रतीच्या जागी वापरता येत नाही.

सीव्हीटीच्या बाबतीत तर तडजोडीला वावच नाही. तेथे पोलादी पट्टा आणि पुलीच्या दोन तबकड्या यांच्यातली पकड पोलादावर पोलाद अशी असते आणि त्यांच्यामधले तेल वंगणही देते व घसरूही देत नाही. साधे एटीएफ घातले, तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात. मग दुरुस्ती सहसा होत नाही, संपूर्ण युनिट बदलावे लागते. बाटलीवर ‘सर्व ऑटोमॅटिकसाठी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्याकडे दुर्लक्ष करून मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत आपल्या पुस्तिकेतला संकेत जसाच्या तसा आहे का, हे पाहावे. तसे तेल हाताशी नसेल आणि पातळी खालच्या खुणेपेक्षा किंचितच खाली असेल, तर दोन दिवस थांबून, गाडी जपून चालवून, योग्य तेल आणणे हे भलते तेल लगेच घालण्यापेक्षा बरे.

प्रश्न : घाईत तेल जास्त घातले गेले. पट्टीवर ते वरच्या खुणेच्या बोटभर वर दिसते. जास्त असले तर बिघडले कुठे?

उत्तर : बिघडते. पातळी चढली की आत फिरणारे गिअर तेलात बुडून ते घुसळू लागतात, तेलाला फेस येतो आणि पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. हवा दाबली जाते, त्यामुळे क्लचवर पुरेसा दाब येत नाही, आणि लक्षणे तेल कमी असल्याप्रमाणेच दिसतात. तेव्हा काही जण आणखी तेल घालून बसतात. फेसाळलेले तेल ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) बाहेरही उडते आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आगीचा धोका संभवतो.

आधी माप गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून पुन्हा घ्यावे. जादाच असेल, तर पट्टीच्या नळीतून बारीक पाइप सोडून हातपंपाने थोडे थोडे तेल ओढून घ्यावे आणि दर वेळी पट्टी पाहावी. पुढच्या वेळी लांब, निमुळत्या नळीचे नरसाळे घेऊन एका खेपेस शंभर-दीडशे मिलिलिटरच घालावे.

प्रश्न : माझी गाडी एएमटी आहे आणि घरात एक इलेक्ट्रिक गाडीही आहे. या दोन्हींना वरचे काही लागू होते का?

उत्तर : एएमटीला क्लचचे पेडल नसले, तरी आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. म्हणून तिच्यात एटीएफ नव्हे, तर पुस्तिकेत सांगितलेले मॅन्युअलचे गिअर ऑइल असते आणि ते फिलर प्लगवरूनच तपासतात. ज्या एएमटीत हे यंत्र हायड्रॉलिक असते, तिच्यात त्याच्या तेलाची एक वेगळी छोटी टाकी असते. तिची पातळी कोणत्या अवस्थेत पाहायची, हे पुस्तिकेत वेगळे दिलेले असते, कारण यंत्रातला दाब चढलेला असताना टाकीत तेल कमी आणि दाब उतरल्यावर जास्त दिसते. दाब न उतरवता टाकी भरली, तर पुढे तेल बाहेर येते.

इलेक्ट्रिक गाडीत गिअर बदलत नाहीत, तरी मोटारीचा वेग चाकांसाठी कमी करणारा एक गिअरबॉक्स असतोच आणि त्यात थोडे तेलही असते. पट्टी नसते, बाजूचा प्लग उघडून पाहतात. ज्या गाड्यांत हेच तेल मोटारीला थंडही ठेवते, तेथे विजेला आणि तांब्याला चालणारे ठरावीक तेलच लागते, म्हणून हे काम घरी करू नये. सर्व्हिसच्या वेळी अॅक्सलच्या सीलपाशी ओल आहे का, ते पाहायला सांगावे, आणि ओल नसेल तर पुस्तिकेतल्या मुदतीपूर्वी तो प्लग उघडण्याचे कारण नाही.